वृद्धांच्या आरोग्यनोंदी : पिशवीतून पडद्यावर



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या सभागृहात आपल्या मुख्याध्यापकांच्या स्मृतीनिमित्त चाललेल्या व्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. मी साहित्यिक नाही, संगणकतज्ज्ञही नाही. चाळीस वर्षे या बडोदे शहरात रुग्ण तपासणारा एक साधा वैद्यकीय व्यावसायिक आहे. माझ्यासमोर बसणारे बहुतेक रुग्ण माझ्याबरोबरच म्हातारे झाले. त्यांच्याकडून जे शिकलो, ते आज आपणांसमोर मांडणार आहे.

प्रथम सरांची एक आठवण सांगतो. मला शाळेत घालायला आई घेऊन आली, तेव्हा जनरल रजिस्टरमध्ये नाव लिहायला सर स्वतः बसले होते. त्यांनी जन्मतारीख विचारली. आईने सांगितले, "आषाढात झाला, पाऊस फार होता." त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सरांनी १ जून ही तारीख घातली. मात्र लेखणी खाली ठेवण्यापूर्वी त्यांनी लिहिलेले सारे आईला मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणाले, "तारीख मी घातलेली आहे, हे ध्यानात असू द्या. बाकीचे बरोबर आहे ना, सांगा." आईला लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही आपल्या मुलाची नोंद तिने ऐकली, तपासली आणि मान डोलावली. त्या प्रसंगाचा अर्थ मला फार उशिरा कळला. व्याख्यानाच्या शेवटी मी त्याकडे परत येईन.

एका रात्रीची गोष्ट

माझ्या मावशी दांडिया बाजारातील जुन्या घरात एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. मुलगा अमेरिकेत असतो. मुलगा कर्तव्यदक्ष आहे. गेल्या खेपेस आला तेव्हा त्याने आईचे सारे अहवाल, औषधांच्या चिठ्ठ्या, हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे, एकूण एक कागद मोबाईलमधील आरोग्यनोंदीच्या ॲपवर चढवला. आईला ओटीपीचा त्रास नको म्हणून त्या खात्याला त्याने स्वतःचा क्रमांक जोडला आणि निश्चिंत मनाने परत गेला.

त्यानंतर काही महिन्यांनी मावशी रात्री न्हाणीघरात घसरून पडल्या व डोक्याला मार लागला. शेजाऱ्यांनी त्यांना रुग्णालयात पोहोचवले. तेथील तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न अगदी योग्य विचारला : "आजी रक्त पातळ करणारी गोळी घेतात का? कोणती?" डोक्याला मार लागलेल्या वृद्ध रुग्णाच्या बाबतीत या प्रश्नावर पुढचे सारे अवलंबून असते. गोळी वॉरफॅरिन असेल तर तिचा परिणाम उलटवण्याचे उपाय एक, नव्या पिढीतील औषध असेल तर उपाय दुसरे आणि नुसती ॲस्पिरिन असेल तर विचार तिसराच. मावशी अर्धवट शुद्धीत होत्या. मोबाईल उशाशी होता. शेजाऱ्याने ॲप उघडले, तर त्याने ओटीपी मागितला. ओटीपी गेला सात समुद्रांपलीकडे मुलाच्या फोनवर. तिकडे भर दिवसा मुलगा कामाच्या बैठकीत, फोन बंद. त्याला निरोप मिळून त्याने उलट फोन करेपर्यंत त्या ओटीपीची मुदत केव्हाच टळून गेली होती.

शेवटी काय झाले? शेजारीणबाई घरी धावत गेल्या आणि कपाटाच्या खणातील कापडी पिशवी घेऊन आल्या. त्या पिशवीत, लॅमिनेट केलेल्या कोविड लसीच्या प्रमाणपत्राखाली, वॉरफॅरिनची चिठ्ठी सापडली. मावशी वाचल्या. आजही त्या मला ऐकवतात, "तुमच्या त्या मोबाईलपेक्षा माझी पिशवी बरी!"

श्रोतेहो, मी मावशींशी पूर्णपणे सहमत नाही आणि असहमतही नाही. या दोहोंच्या मधली जागा हाच आजचा विषय आहे.

पिशवीचे गुण आणि दोष

पिशवीची थट्टा करणे सोपे आहे, पण तिचे गुण पाहा. ती उघडायला संकेतशब्द लागत नाही. ती कोठे आहे हे घरात सर्वांना ठाऊक असते. तिला वीज लागत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिच्या मालकाला ती कळते. वरचा कागद ताजा, खालचा जुना, एवढे शास्त्र पुरते.

दोषही लहान नाहीत. हृदयाचा आलेख ज्या औष्णिक कागदावर निघतो, तो काही वर्षांत फिका पडतो. पाच वर्षांपूर्वीचा आलेख तुलनेसाठी हवा म्हणून मागावा, तर हाती कोरा गुलाबी कागद येतो. दोन डॉक्टरांनी एकच औषध दोन वेगळ्या व्यापारी नावांनी लिहून दिले आणि रुग्ण दोन्ही घेत राहिला, असे प्रकार मी कितीदा पाहिले आहेत. पिशवी ते सांगत नाही. पूर आला, घर बदलले, की पिशवी जाते. शिवाय पिशवी कोणीही उघडू शकतो, म्हणजे कोणीही वाचूही शकतो.

म्हणून नोंदी पडद्यावर जाव्यात, हे मला मान्य आहे. प्रश्न एवढाच, की त्या ज्याच्या आहेत त्याच्या हाताला लागतात का?

देशात आणि जगात काय घडले

स्वतःच्या आरोग्याच्या नोंदी स्वतःच्या ताब्यात, ही कल्पना आजची नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ साली आणि गूगलने २००८ साली अशा सेवा सुरू केल्या. गूगलची सेवा २०१२ च्या आरंभी, तर मायक्रोसॉफ्टची २०१९ साली बंद झाली. या सेवांकडे पैसा वा बुद्धी यांची वाण नव्हती. परंतु माहिती मिळवून भरत राहण्याचे बरेचसे ओझे रुग्णावरच पडत होते, आणि आजारी माणसाला कारकुनी करण्याची हौस नसते. याउलट डेन्मार्कने २००३ पासून आपल्या नागरिकांसाठी सार्वजनिक आरोग्यद्वार उघडले, तेथे रुग्णालयांतील नोंदी आपसूक येऊन पोहोचतात. तात्पर्य, नोंद जेथे जन्मते तेथूनच ती आली पाहिजे.

आपल्या देशाने हाच मार्ग निवडला. १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली, सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग झाला आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने ते देशभर सुरू झाले. त्यात नागरिकाला चौदा अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. सत्तर कोटींहून अधिक असे क्रमांक निघाले आहेत. तो घेणे ऐच्छिक आहे. नोंदी एका ठिकाणी साठवल्या जात नाहीत. त्या ज्या त्या रुग्णालयात वा प्रयोगशाळेत राहतात आणि रुग्णाने संमती दिली तरच, ठरावीक हेतूसाठी व ठरावीक मुदतीपुरत्या, दुसऱ्याला दिसतात. दिलेली संमती मागेही घेता येते. आराखडा म्हणून ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

परंतु क्रमांक असणे वेगळे आणि नोंद वापरता येणे वेगळे. आपल्याकडील कित्येक ज्येष्ठांना 'आभा' कार्ड आणि 'आयुष्मान' कार्ड यांतला भेद ठाऊक नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची जी योजना लागू झाली, तिचे कार्ड खर्च उचलते. 'आभा' एक पैसाही देत नाही, ते नोंदींना जोडणारे सूत्र आहे. दोन्ही नावांत 'आयुष्मान' आहे. गोंधळ झाला तर दोष वृद्धांच्या बुद्धीचा म्हणायचा का?

डोळा, बोट आणि स्मरण

आता थोडे शरीरशास्त्र. वयाबरोबर डोळ्यातील भिंग ताठर व पिवळसर होते आणि बाहुली लहान होते. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशीतील तरुणाच्या तुलनेत साधारण तिसरा हिस्सा प्रकाश पोहोचतो. पांढऱ्यावर फिक्या करड्या रंगाची अक्षरे तरुण आरेखकाला सुंदर वाटतात. माझ्या रुग्णाला ती दिसतच नाहीत. संकेतस्थळांच्या सुगमतेचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान साडेचारास एक असावे असे सांगितले आहे. कडक पातळी सातास एक आहे. आरोग्याच्या नोंदीला ही कडक पातळीच शोभेल.

अक्षर मोठे करता येते, हे खरे. पण फोनमधील अक्षर मोठे केले की कित्येकदा 'पुढे जा' हे बटणच पडद्याखाली ढकलले जाते. नागरी लिपीत आणखी एक खोडा आहे. इंग्रजीच्या मापाने ओळींतील अंतर ठेवले, तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात.

बोटांची त्वचा कोरडी होते, रेषा झिजतात. आधारच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. निवृत्तिवेतनधारकांसाठी २०१४ साली डिजिटल हयातीचा दाखला आला, तो बोटांच्या ठशांवर आणि बुबुळांवर अवलंबून होता. २०२१ साली त्यात चेहरा ओळखण्याची सोय करावी लागली. पण चेहऱ्याच्या पडताळणीतही पापणी मिटवा, मान वळवा अशा आज्ञा येऊ शकतात. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींनी अशा आज्ञांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचाच भाग आहे. न्यायालयापुढे ते प्रकरण अपंगांचे होते. तरी वार्धक्य म्हणजे हळूहळू येणारे अपंगत्वच नव्हे काय?

आणि स्मरण. नव्या गोष्टीची सवय व्हायला वृद्धाला वेळ लागतो. परंतु एकदा पडलेली सवय तो निष्ठेने पाळतो. म्हणूनच दर दोन महिन्यांनी बटणांची जागा बदलणारे ॲप त्याचा घात करते. आदल्या महिन्यात शिकलेले व्यर्थ ठरले, की तो म्हणतो, "मला नाही जमायचे." त्या वाक्यात आळस नसतो, अपमान असतो.

नाव, तारीख आणि लिपी

आता आपल्या मराठी घरांचा खास प्रश्न. रुग्णालयातील जुनी नोंद 'आभा'शी जोडताना नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाईल क्रमांक जुळवून पाहतात. हे चार धागे आमच्या पिढीत किती कच्चे आहेत पाहा. जन्मतारीख शाळेने घातलेली १ जून. रुग्णालयाच्या खिडकीवर वय विचारले तर उत्तर 'पंच्याहत्तर-शहात्तर असेल'. मोबाईल कधी मुलाचा, कधी सुनेचा. आणि नाव? आमच्याकडे लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, पहिले नावही बदलत असे. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, आणि रुग्णालयात गुजराती उच्चाराने लिहिलेले तिसरे. तीन नावांची ही एकच बाई संगणकाला तीन बायका दिसते. तिची ॲलर्जीची नोंद एकीच्या नावावर, शस्त्रक्रिया दुसरीच्या.

भाषेचेही तसेच. आपल्या बडोद्यातील कित्येक आजी भाजीबाजारात अस्खलित गुजराती बोलतात, पण वाचतात ती बाळबोधच. ॲपमध्ये भाषा निवडायची सोय केली, तरी तिने फक्त बटणे मराठी होतात. आतला अहवाल इंग्रजीतच राहतो. दार मराठी आणि घर इंग्रजी! अहवालात 'पॉझिटिव्ह' शब्द वाचून "चांगले आले हो," असे आनंदाने सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. 'निगेटिव्ह' वाचून रडणारेही. अंकांची गंमत तर वेगळीच : इंग्रजी नऊ आणि आपला नागरी एक यांची आकृती इतकी सारखी, की घाईत सहा अंकी ओटीपी चुकतो. तीनदा चुकला की खाते काही काळ बंद.

संशय हा दोष नव्हे

"म्हातारी माणसे उगाच घाबरतात," असे तरुण कर्मचारी म्हणतात. मला त्यांना विचारावेसे वाटते, बँकेने कित्येक वर्षे काय शिकवले? "ओटीपी कोणालाही सांगू नका." आणि रुग्णालयाच्या खिडकीवर काय ऐकू येते? "काकू, ओटीपी आला असेल तो सांगा पटकन, मागे रांग आहे." काकूंनी बँकेचे ऐकावे की खिडकीचे? पोलीस असल्याचे सोंग करून फोनवरच 'अटक' करणारे भामटे वृद्धांची आयुष्यभराची पुंजी लुटत असताना, काकूंचा संशय हा शहाणपणाचा आहे. चूक त्यांना पेचात टाकणाऱ्या रचनेची आहे. खिडकीवरील माणसाने ओटीपी तोंडी मागूच नये. रुग्णाला तो स्वतःच्या हाताने, सावकाश, भरता येईल अशी व्यवस्था हवी.

मदतनीस : उघड आणि मर्यादित

मावशींच्या प्रसंगाकडे परत येऊ. मुलाने केले ते प्रेमाने केले. पण आईच्या खात्यावर स्वतःचा क्रमांक घातला, म्हणजे त्या नोंदीच्या घराची एकमेव किल्ली परदेशी नेली. बहुतेक कुटुंबांत हेच घडते : मूल आईच्या नावाने आत जाते, तिचा संकेतशब्द वापरते, आणि नोंदवहीत असे दिसते की सारे आईनेच केले. मग संमती कोणाची?

येथे कोविड काळातला धडा आठवावा. १ मार्च २०२१ रोजी साठ वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा एका मोबाईल क्रमांकावर चार जणांची नोंदणी करता येत होती आणि केंद्रावर प्रत्यक्ष जाऊनही नाव देता येत होते. एका फोनवर एक घर चालते, हे वास्तव तेथे स्वीकारले होते. आरोग्यनोंदीत त्यापुढे एक पाऊल हवे : मदतनीसाला त्याची स्वतःची वेगळी किल्ली. आईने ठरवावे, की मुलाने औषधे पाहावीत, शेजारीणबाईंना फक्त आणीबाणीचे पान उघडता यावे, आणि मानसोपचारांची चिठ्ठी कोणीच पाहू नये. हो, आईलाही गुपित असू शकते. मुलापासूनही. वृद्धत्वाने माणसाचा खासगीपणाचा हक्क संपत नाही.

२०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मृत्यू किंवा असमर्थता आल्यास आपले हक्क बजावण्यासाठी नामनिर्देशन करण्याची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. बँकेत आपण वारस नेमतो. आरोग्यनोंदीचाही वारस जिवंतपणीच, शुद्धीवर असताना नेमावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काय करावे

उपदेश पुष्कळ झाला, आता करण्याच्या गोष्टी सांगतो.

पहिली, आपल्या नोंदीच्या खात्याला आपलाच क्रमांक जोडा आणि तो फोन आपल्याच घरात असू द्या.

दुसरी, पिशवी टाकू नका, ती हलकी करा. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा : नाव, जन्मवर्ष, चालू गोळ्या व त्यांतील मूळ घटकाचे नाव, कोणत्या औषधाची ॲलर्जी, शरीरात बसवलेली झडप वा पेसमेकर, आणि दोन माणसांचे फोन. हा कागद फ्रीजच्या दारावर लावा. गोळी बदलली की कागद बदला, आणि खाली तारीख घाला. आरोग्यनोंदीच्या प्रत्येक ॲपला असे एक पान छापता आलेच पाहिजे. ज्याला ते जमत नाही, ते ॲप अजून पुरे झालेले नाही, असे मी समजतो.

तिसरी गोष्ट ॲप घडवणाऱ्यांसाठी आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण याच व्यवसायात आहेत. बांधवहो, तुमचे काम बाजारात नेण्यापूर्वी पंच्याहत्तरीच्या एका बाईसमोर फोन ठेवा, "तुमचा साखरेचा शेवटचा अहवाल काढा" एवढेच सांगा आणि हाताची घडी घालून गप्प बसा. मदत करू नका. ती कोठे अडते, कोठे सुस्कारा सोडते, ते पाहा. त्या दहा मिनिटांत पुष्कळ कळेल.

चौथी विनंती या शाळेला. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्यात नेला. परंतु अक्षरओळख करून देऊन ते थांबले नाहीत. शिकलेल्या माणसाच्या हाती पुस्तक पडले नाही तर अक्षर विसरते, हे जाणून १९१० पासून ग्रंथालयांचे जाळे विणले आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. वाचक येत नसेल तर ग्रंथाने त्याच्याकडे जावे, ही या भूमीची शिकवण आहे. त्याच न्यायाने, महिन्यातून एका रविवारी दुपारी हे सभागृह ज्येष्ठांसाठी उघडावे. नववीचा एकेक विद्यार्थी एकेका आजी-आजोबांजवळ बसेल. नियम दोनच : फोन आजींच्या हातातून घ्यायचा नाही, आणि त्यांचा संकेतशब्द पाहायचा वा लिहायचा नाही. हात त्यांचा, धीर आपला. मुलेही यातून जे शिकतील, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

समारोप

आरंभी सांगितलेल्या आठवणीकडे येतो. सरांनी माझी तारीख अंदाजाने घातली, पण नोंद आईला वाचून दाखवली, त्यात आपला हात कोणता आणि तिचा कोणता हे सांगितले, आणि तिच्या होकाराशिवाय रजिस्टर मिटले नाही. आईला अक्षर येत नव्हते, म्हणून त्यांनी तिला नोंदीबाहेर ठेवले नाही. आज नोंदवही बदलली आहे, लेखणी बदलली आहे, लिहिणाराही बहुधा माणूस नाही. पण कसोटी तीच राहते : ज्याची नोंद, त्याला ती कळली का? त्याला ती सुधारता येते का? आणि गरजेच्या रात्री ती त्याच्या कामी येते का?

मावशींच्या फ्रीजवर आता तो कागद आहे. फोनला त्यांचाच क्रमांक आहे. मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतः अहवाल उघडला, चष्मा पुसला आणि मला विचारले, "यात माझे वय एक वर्षाने जास्त का दाखवतात रे? दुरुस्त कोण करणार?" मला फार आनंद झाला. आपल्या नोंदीतील चूक स्वतः पकडणारी बाई त्या नोंदीची खरी मालकीण झालेली असते.